तात्पुरती प्रत : प्रतिमा मोजणाऱ्या आज्ञावलींच्या इतिहासाविषयी

जीवशास्त्रावरील एखाद्या संशोधननिबंधातला 'साधने आणि पद्धती' हा विभाग साहित्याच्या अभ्यासकाने वाचावा असे काही कारण नसते. आम्ही तो वाचू लागलो ते तळटिपा वाचण्याच्या जुन्या खोडीमुळे. वैज्ञानिक लेखनाच्या शैलीविषयी काही टिपणे काढत असताना आमच्या ध्यानात आले, की या विभागात एक चमत्कारिक मजकूर पुन:पुन्हा येतो. सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या छायाचित्रांतील पेशी अमुक आज्ञावलीने मोजल्या, एवढे सांगून लेखक त्या आज्ञावलीच्या नावापुढे एक लांबलचक खूण लिहितो: 'इमेजजे २.०.०-आरसी-६९/१.५२पी'. दुसऱ्या एखाद्या निबंधात असते 'सायन इमेज, बीटा ४.०२'. तिसऱ्यात नुसतेच 'इमेजजे', पुढे काही नाही.

ही खूण म्हणजे आवृत्तीचा क्रमांक. मराठीत ग्रंथाच्या 'एडिशन'ला आणि आज्ञावलीच्या 'व्हर्जन'ला आपण एकच शब्द वापरतो: आवृत्ती. इंग्रजीत हे दोन शब्द वेगळे असल्याने त्यांतील नाते तिथे सहज दिसत नाही; मराठी वाचकाला ते शब्दातच सापडते. एखाद्या ग्रंथाची कोणती आवृत्ती वापरली, ती कोणी शुद्ध केली, तिच्यात कोणते पाठ स्वीकारले, हे प्रश्न ज्याला पडतात त्याला या क्रमांकांचा इतिहास परका वाटू नये. हा लेख त्या इतिहासाविषयी आहे. विशेषतः त्यात वारंवार येणाऱ्या 'बीटा' या शब्दाविषयी.

आधी या आज्ञावली करतात काय, ते थोडक्यात पाहू. संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे अंकांचा तक्ता. साध्या कृष्णधवल चित्रात प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ यांपैकी एक अंक दिलेला असतो. तो त्या ठिपक्याचा उजेड सांगतो. आता त्या चित्रात पेशी किती आहेत हे मोजायचे, तर पेशी कोणती आणि पार्श्वभूमी कोणती हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी एक सीमा आखतात: अमुक अंकाच्या वरचे ठिपके पेशीचे, खालचे पार्श्वभूमीचे. ही सीमा कुठे आखावी यासाठी गणिती रीती आहेत. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये मांडलेली रीत त्यांपैकी सर्वांत परिचित. सीमा थोडी खाली आणली, की शेजारच्या दोन पेशी एकमेकींना चिकटून एक होतात. थोडी वर नेली, की फिकट पेशी चित्रातून नाहीशा होतात. चित्र तेच असते, संख्या बदलते. म्हणजे या आज्ञावली केवळ पाहण्याची भिंगे नाहीत. त्या चित्राचा पाठ ठरवतात. कुठले अक्षर मूळचे आणि कुठला डाग कागदाचा, हे पोथीचा संपादक ठरवतो, तसाच हा प्रकार.

या आज्ञावलींच्या इतिहासात एक नाव टाळता येत नाही, ते वेन रॅसबँड यांचे. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील बेथेस्डा येथे 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' ही शासकीय आरोग्यसंशोधन संस्था आहे. तिचे आद्याक्षरी नाव एनआयएच. रॅसबँड तेथे नोकरीस होते. पीडीपी-११ या लघुसंगणकासाठी त्यांनी प्रतिमा मोजणारी एक आज्ञावली आधीच लिहिलेली होती. १९८७ साली मॅकिंटॉश-२ हा संगणक आला. करड्या रंगाच्या छटा पडद्यावर दाखवू शकणारा आणि टेबलावर मावणारा हा संगणक संशोधकाच्या आवाक्यातला होता. रॅसबँड यांनी त्याच्यासाठी पास्कल भाषेत नवी आज्ञावली लिहिली. तिचे नाव 'एनआयएच इमेज'.

येथे कायद्यातील एका तरतुदीचा उल्लेख केला पाहिजे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. अमेरिकी संघराज्याच्या सेवकाने आपल्या कामाचा भाग म्हणून जे लिहिले, त्यावर त्या देशात स्वामित्वहक्क नसतो. ते सर्वांचे असते. त्यामुळे एनआयएच इमेज ही आज्ञावली, तिच्या मूळ संहितेसह, कोणालाही घेता येत होती, बदलता येत होती, पुढे देता येत होती. पोथी जशी नकलून घेता येते, तशीच. आणि पोथीचे जे होते तेच हिचेही झाले: प्रती वाढल्या, शाखा फुटल्या.

त्यांतील एक शाखा मोठी बोलकी आहे. एनआयएच इमेज मॅकिंटॉशवर चालत असे. विंडोज वापरणाऱ्यांची मात्र पंचाईत होती. मेरिलँडमधल्याच फ्रेडरिक या गावच्या सायन कॉर्पोरेशन या कंपनीने तिची विंडोजवर चालणारी आवृत्ती काढली आणि ती विनामूल्य दिली. हीच ती 'सायन इमेज'. तिच्या नावापुढे 'बीटा ४.०२' असे लिहिलेले असे.

बीटा म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करायला हवे. ग्रीक वर्णमालेतील पहिली दोन अक्षरे आज्ञावलीकारांनी कामाच्या अवस्था सांगण्यासाठी घेतली. करणाऱ्यांनी आपल्याच घरात तपासायची ती अल्फा. घराबाहेरच्या माणसांच्या हाती द्यायची, पण 'अजून कच्ची आहे, चुका सापडतील, सापडल्या तर कळवा' असे सांगून द्यायची ती बीटा. त्यानंतर 'रिलीज कँडिडेट', म्हणजे आता काही गंभीर दोष न निघाल्यास हीच पक्की होईल अशी उमेदवार आवृत्ती. निबंधांतील 'आरसी' ही दोन अक्षरे तिचीच. शेवटी पक्की आवृत्ती. क्रम सरळ आहे. व्यवहार मात्र इतका सरळ राहिला नाही.

सायन इमेजचेच पाहा. 'बीटा ४.०२' हे नाव शतकाच्या पहिल्या दशकातील कितीतरी निबंधांत आढळते: ऊतींचे छेद मोजणारे निबंध, जेलवरील प्रथिनांच्या पट्ट्यांची गडदता मोजणारे निबंध. पुढे तिची आणखी एक आवृत्ती निबंधांत दिसू लागते, तिचा क्रमांक ४.०.३.२ आणि तिच्यापुढे शब्द आहे 'अल्फा'. म्हणजे क्रमांक पुढे गेला आणि अवस्था मागे! निबंधलेखकांनी दोन्ही नावे तितक्याच निश्चिंतपणे उतरवून घेतली. 'बीटा' हा शब्द त्यांच्या लेखी सावधगिरीची सूचना राहिला नव्हता. तो आज्ञावलीच्या आडनावाचा भाग झाला होता. कच्च्या आवृत्तीवर काढलेली संख्या पक्क्या निष्कर्षात जाऊन बसली, आणि ती कच्ची असल्याची कबुली छापील पानावर डोळ्यांसमोर असूनही कोणाला ऐकू आली नाही.

हे संशोधन त्यामुळे खोटे ठरले, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. बीटा आवृत्तीने मोजलेले अंक बरोबर असू शकतात, बहुधा असतातही. आमचा मुद्दा शब्दाविषयीचा आहे. 'बीटा' हा शब्द करणारा आणि वापरणारा या दोघांमधला करार आहे. करणारा म्हणतो, माझे काम अपुरे आहे. वापरणाऱ्याने त्यावर आपला अभिप्राय द्यायचा असतो. दुसऱ्या पक्षाने आपला वाटा उचलला नाही, तर उरते ती नुसती पाटी.

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा ही भाषा प्रसिद्ध केली. त्या भाषेत लिहिलेली आज्ञावली मॅकिंटॉश, विंडोज, लिनक्स अशा कुठल्याही संगणकावर चालावी, हा तिचा हेतू. रॅसबँड यांनी १९९७ मध्ये आपले काम या भाषेत नव्याने लिहायला घेतले आणि 'इमेजजे' जन्माला आली. शेवटचा 'जे' जावाचा. शाखा फुटण्याचे एक मोठे कारणच त्यामुळे संपले.

या नव्या लेखनात एक पाठभेद दडलेला होता, तो सांगण्याजोगा आहे. एनआयएच इमेजमध्ये ० म्हणजे पांढरा आणि २५५ म्हणजे काळा अशी रीत होती; इमेजजेमध्ये सामान्यतः ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. कागदावर शाईने लिहिणाऱ्याला पहिली रीत स्वाभाविक वाटेल, अंधारात दिवा लावणाऱ्याला दुसरी. दोन्ही आपापल्या जागी सुसंगतच आहेत. पण जुन्या आज्ञावलीवर काढलेला गडदतेचा आकडा नव्या आज्ञावलीवर काढलेल्या आकड्याशेजारी ठेवणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही, तर गडद ते फिकट होईल आणि फिकट ते गडद. जुनी रीत पाळू इच्छिणाऱ्यांसाठी इमेजजेमध्ये उलट्या छटांची सोय ठेवली गेली. पण ती सोय आहे आणि ती का आहे, हे ठाऊक असायला जुन्या आवृत्तीची आठवण हवी.

इमेजजेच्या आवृत्त्यांची पद्धत साधी होती. १.५२ असा क्रमांक, आणि त्यापुढे ए, बी, सी अशी लहान अक्षरे. कोणी दोष कळवला, की रॅसबँड तो दुरुस्त करत. ती दुरुस्ती आधी रोजच्या कच्च्या आवृत्तीत, म्हणजे 'डेली बिल्ड'मध्ये येई, आणि पुढे नवे अक्षर घेऊन प्रसिद्ध होई. प्रत्येक आवृत्तीबरोबर बदलांची यादी असे. बदल कोणाच्या सूचनेमुळे झाला त्याचे नाव त्या ओळीतच आभारपूर्वक लिहिलेले असे. मागच्याच आवृत्तीत दुरुस्तीच्या नादात नवा दोष शिरला असेल, तर तेही त्या यादीत उघडपणे नोंदलेले असे. वर्षानुवर्षांच्या या याद्या सलग वाचल्या, तर एखाद्या प्रामाणिक संपादकाचे टिपण वाचत असल्यासारखे वाटते. रॅसबँड २०१० मध्ये सेवानिवृत्त झाले; त्यानंतरही त्यांनी हे काम सोडले नाही.

या आवृत्त्यांपुढे 'बीटा' हा शब्द नसे. पण शब्दामागचा करार येथे रोज पाळला जात होता: एक जण अपुरेपण मान्य करत होता आणि जगभरातले वापरणारे त्याला उत्तर देत होते. सायन इमेजच्या बाबतीत शब्द होता आणि करार हरवला होता. येथे करार होता आणि शब्दाची गरज पडली नाही. योगायोग असा, की ज्या वर्षी इमेजजे सुरू झाली त्याच १९९७ साली एरिक रेमंड यांनी 'द कथीड्रल अँड द बझार' हा निबंध वाचला आणि मुक्तस्रोत कामात आवृत्त्या लवकर आणि वरचेवर प्रसिद्ध कराव्यात असे प्रतिपादन केले. त्याच तत्त्वाची आचरणातील आवृत्ती बेथेस्डामध्ये गाजावाजा न होता आकार घेत होती.

त्यानंतरच्या दशकात 'बीटा' या शब्दाला वेगळेच दिवस आले. गूगलची जीमेल ही टपालसेवा २००४ मध्ये सुरू झाली आणि २००९ पर्यंत, कोट्यवधी लोक तिचा वापर करू लागल्यावरही, 'बीटा' हे बिरूद मिरवत राहिली. टिम ओ'रायली यांनी २००५ मध्ये अशा कायम अपुऱ्या राहणाऱ्या सेवांना नव्या काळाचे लक्षण ठरवले. टपालपेटीच्या बाबतीत हे चालून जाते. आज बटण डावीकडे आहे, उद्या उजवीकडे गेले. कालचे पत्र त्यामुळे बदलत नाही. मोजमापाच्या साधनाचे तसे नसते. साधन बदलले, तर कालचे माप आज पुन्हा निघेल की नाही, हा प्रश्न उभा राहतो.

२००७ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथील माक्स प्लांक संस्थेत इमेजजेची एक नवी मांडणी आकार घेऊ लागली. योहानेस शिंडेलिन आणि त्यांचे सहकारी यांनी इमेजजे, तिला जोडायची असंख्य उपसाधने आणि ती अद्ययावत ठेवण्याची यंत्रणा हे सगळे एकत्र बांधले. तिचे नाव 'फिजी': 'फिजी इज जस्ट इमेजजे' या वाक्याची आद्याक्षरे, ज्यांतले पहिले अक्षर पुन्हा फिजीचेच. नावातच विनय आणि विनोद दोन्ही आहेत. २०१२ मध्ये 'नेचर मेथड्स' या नियतकालिकात तिच्यावरचा निबंध आला.

२००९ मध्ये आणखी मोठे काम हाती घेतले गेले. मूळ इमेजजे एका माणसाने वाढवत नेलेली होती. लांबी, रुंदी, खोली, काळ आणि रंग यांपलीकडच्या मिती तिच्या रचनेत सामावत नव्हत्या. म्हणून अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील प्रयोगशाळेने इतर संस्थांसह 'इमेजजे-२' नव्याने रचायला घेतली. कर्टिस रुडेन आणि केव्हिन एलिसिरी ही त्यातील प्रमुख नावे. येथे 'बीटा' हा शब्द पुन्हा अवतरला, आणि या वेळी आपल्या खऱ्या अर्थाने. २.०.० या आवृत्तीच्या बीटा क्रमाने निघाल्या; त्यांच्यानंतर उमेदवार आवृत्त्या निघाल्या. एक, दोन, तीन करता करता उमेदवारांचा आकडा साठीच्या पुढे गेला. २०१९ च्या सुमाराचे निबंध पाहिले, तर 'आरसी-६९' अजून उमेदवारच आहे. २०२० मध्ये २.१.० हा क्रमांक आला, तेव्हा कुठे ही उमेदवारी संपली.

बाहेरून पाहणाऱ्याला हा विलंब हास्यास्पद वाटेल. पण आमच्या आरंभीच्या उदाहरणातील तिरकी रेघ आठवावी: 'आरसी-६९/१.५२पी'. रेघेच्या अलीकडे नवी इमेजजे-२, पलीकडे रॅसबँड यांची जुनी इमेजजे. दोन्ही एकाच आवरणात शेजारी शेजारी चालत होत्या. नव्या रचनेत जुनी मापे आणि जुन्या संशोधकांनी लिहून ठेवलेल्या छोट्या आज्ञावली मोडू नयेत, यासाठी ही कसरत होती. पक्की आवृत्ती जाहीर करणे म्हणजे जुन्याला दिलेले वचन पुरे झाले असे जाहीर करणे. ते पुरे झाल्याची खात्री होत नव्हती, म्हणून उमेदवारी लांबत गेली असे आम्हाला वाटते. ती दोन भागांची अवघड खूण आम्हाला म्हणूनच आवडते. मूळ आणि भाष्य यांची वेगवेगळी नोंद करणाऱ्या जुन्या पुष्पिकेसारखी ती आहे.

आणखी एका आज्ञावलीने हीच अडचण निराळ्या रीतीने सोडवली. 'सेलप्रोफायलर' ही ॲन कार्पेंटर आणि थाऊइस जोन्स यांनी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे उभी केलेली मुक्तस्रोत आज्ञावली २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. हजारो चित्रांवर तीच कृती क्रमाने करायची, हे तिचे काम. आरंभी ती मॅटलॅब या विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीच्या भाषेत होती. २०१० मधील दुसरी आवृत्ती पायथनमध्ये नव्याने लिहिली गेली. संशोधकाने ठरवलेला कृतींचा क्रम ती एका धारिकेत साठवते, आणि प्रत्येक कृतीपुढे त्या कृतीच्या रचनेची कितवी सुधारणा होती, तो आकडाही नोंदवते. जुनी धारिका नव्या आवृत्तीत उघडली, की आज्ञावली तो आकडा वाचून जुन्या निवडी नव्या रचनेत बसवते. आपण कोणत्या प्रतीवरून उतरवले, हे लेखनिकाने पानोपानी लिहून ठेवावे, तसे हे आहे. माणूस नोंद करायला विसरेल हे गृहीत धरून येथे नोंदीचे काम साधनाकडेच सोपवले आहे.

इतके सगळे करण्याची खरोखर गरज आहे काय? चूक असेल तर ती किरकोळच असणार, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर २०१२ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने दिले. ग्रोनेनशिल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी 'फ्रीसर्फर' ही आज्ञावली तपासली. एमआरआय प्रतिमांवरून मेंदूच्या भागांचे आकारमान आणि बाह्यावरणाची जाडी मोजणारी ही बोस्टनमधील आज्ञावली. तिचा स्रोतही आज खुला आहे. त्यांनी तीच चित्रे तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढून पाहिली. ५.०.० ही आवृत्ती आणि तिच्या आधीच्या दोन आवृत्त्या यांच्यात आकारमानाचा फरक सरासरी ८.८ टक्के निघाला. काही भागांत तो १.३ टक्के, तर काही भागांत ६४ टक्क्यांपर्यंत. जाडीतील फरक सरासरी २.८ टक्के. इतकेच नव्हे, आज्ञावली तीच ठेवून संगणक किंवा त्याची कार्यप्रणाली बदलली तरी, तुलनेने कमी पण निश्चित, फरक पडत होता. चालू अभ्यासात मध्येच आवृत्ती बदलू नये, बदलल्यास सगळे विश्लेषण पुन्हा करावे, असा सल्ला त्यांनी दिला.

हे आकडे कोणाच्या तरी मेंदूचे आहेत, हे विसरता कामा नये. आजाराने मेंदूचा एखादा भाग आक्रसतो आहे काय, याचा शोध अशा मापांतून घेतला जातो. पहिल्या वर्षीचे माप एका आवृत्तीने घेतले आणि दुसऱ्या वर्षीचे दुसरीने, तर आक्रसले ते काय, मेंदू की माप? आणखी लक्षात घेण्याजोगे असे, की या आवृत्त्या बीटा नव्हत्या; रीतसर प्रसिद्ध झालेल्या होत्या. म्हणजे 'बीटा' आणि 'पक्की' यांतला भेद आपण समजतो तितका पक्का नाही. प्रत्येक आवृत्ती पुढच्या आवृत्तीच्या दृष्टीने तात्पुरतीच असते. फरक एवढाच, की काही आवृत्त्या ते आपल्या नावात सांगतात.

येथे आम्हाला आपल्या घरातली एक गोष्ट आठवते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये आरंभले. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये त्याचे प्रमुख संपादक झाले आणि काम पुरे झाले ते १९६६ मध्ये, हे आपण जाणतो. पण या दोन टोकांच्या मध्ये, सुकथनकर यायच्याही आधी, एक लहानसे प्रकाशन झाले, त्याची आठवण कमी काढली जाते. १९२३ मध्ये नारायण बापूजी उत्गीकर यांनी संपादित केलेले विराटपर्व मंदिराने छापले. ते तात्पुरते संपादन आहे, असे त्याच्या नावातच लिहिलेले होते. त्याच्या प्रती देशातल्या आणि परदेशांतल्या संस्कृत पंडितांना विनामूल्य पाठवल्या गेल्या. हेतू हा, की संपादनाच्या पद्धतीविषयी त्यांचे मत कळावे. मते आली, पुढच्या कामाला त्यांचा उपयोग झाला, आणि विराटपर्वाची पक्की चिकित्सक आवृत्ती रघुवीर यांच्या संपादनाने १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली.

'बीटा' या शब्दाचा याहून नेमका अर्थ आम्हाला कुठल्याही संगणककोशात मिळाला नसता. अपुरे काम, अपुरे आहे असे सांगून, जाणकारांच्या हाती विनामूल्य दिलेले. जाणकारांनी उत्तर द्यावे या अपेक्षेने दिलेले. आणि उत्तर आल्यावर पुढच्या आवृत्तीला जागा करून बाजूला झालेले. करार दोन्ही बाजूंनी पाळला गेला. विराटपर्वाचा अवतरणाधार म्हणून आज कोणी उत्गीकरांची प्रत पुढे करत नाही. पण ती नसती तर पुढची तशी झाली नसती.

अर्थात, हे साम्य एका मर्यादेपुढे ताणता येणार नाही. चिकित्सक संपादक प्रतींच्या गर्दीतून मागे, जुन्या पाठाकडे जातो. आज्ञावलीकार पुढे, अधिक अचूक आवृत्तीकडे. पहिल्याला मूळ हवे असते, दुसऱ्यासाठी मूळ म्हणजे सुधारायची गोष्ट. पण दोघांचा वाचक मात्र एकाच जागी उभा असतो. त्याला, 'तुम्ही नेमकी कोणती प्रत वापरली?' या प्रश्नाचे उत्तर हवे असते. ज्ञानेश्वरीचे उदाहरण घ्यावे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या प्रतीची परंपरा एक, आणि राजवाडे यांनी १९०९ मध्ये छापलेली प्रत दुसरी. दोहोंत शब्दांची रूपे निराळी, ओव्यांची संख्याही निराळी. अशा स्थितीत नुसता ओवीचा क्रमांक देणारा प्रबंध आणि नुसतेच 'इमेजजे' लिहिणारा निबंध यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोघांनीही वाचकाला परतीची वाट ठेवलेली नाही.

ती वाट ठेवण्याची सोय आज्ञावलीकारांनी आपल्या परीने केलेली आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. इमेजजे अद्ययावत करण्याच्या खिडकीत नव्या आवृत्तीबरोबर जुन्या आवृत्त्यांचीही यादी येते. मागे जायचे असेल तर जाता येते. फिजीच्या कर्त्यांनी मोठ्या बदलांच्या आधीच्या संपूर्ण प्रती 'लाइफ-लाइन' या नावाने जपून ठेवल्या, त्या याच हेतूने. स्रोत खुला असल्यामुळे कोणती सीमा कशी आखली गेली, हे जुनी संहिता उघडून वाचता येते. बंद आज्ञावलीच्या बाबतीत हे वाचन शक्य नसते. कंपनीने पाठ बदलला तरी पाठभेद कोणाला दिसत नाही. मुक्तस्रोताचे मोठेपण आम्हाला त्याच्या विनामूल्य असण्यापेक्षा या बाबतीत अधिक वाटते. परंतु जुनी प्रत जपलेली असून भागत नाही. ती मागायला क्रमांक ठाऊक असावा लागतो, आणि तो निबंधलेखकानेच लिहायचा असतो. एका ओळीचे काम आहे.

आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही संदर्भसूची करायला शिकवतो तेव्हा आवृत्तीचा उल्लेख ही त्यांना शिस्तीची कटकट वाटते, परीक्षकाचे समाधान करण्यापुरती. त्यांना पुढच्या वेळी विराटपर्वाच्या त्या तात्पुरत्या प्रतीबरोबर 'आरसी-६९/१.५२पी' ही खूणही दाखवावी असे आम्ही योजले आहे. आपण कोणत्या अपुऱ्या गोष्टीवर विसंबलो, हे दोन्हीकडे लिहून ठेवलेले आहे. पुढे कोणाला ती गोष्ट अधिक पुरी करता आली, तर आपल्या निष्कर्षाचे काय होते, हे त्याला तपासता यावे, एवढ्यासाठी.